दोन गुंठ्यांचा प्लॉट आणि 'इतर हक्क'मधली ओळ

आज आवाज थोडा वेगळा वाटेल, कारण मी नाशिकला नाही, गावी आलोय. हरसूलला. त्र्यंबकच्या पलीकडे, घाट उतरला की जे सुरू होतं ते. घराच्या पडवीत बसून रेकॉर्ड करतोय, पत्र्यावर पाऊस वाजतोय, मधूनच कोंबडा ओरडेल. सांभाळून घ्या. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे सगळं लिहूनही टाकतोय.

आजचा विषय जमिनीचा. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. मला माहितीये, सातबारा म्हटलं की आपल्या वयाची पोरं म्हणतात, ते बाबा बघतील. मीही तेच म्हणायचो. पण गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला आणि तिथून पुढचे तीन आठवडे मी हेच करत होतो.

तो अंबडला एका कारखान्यात कामाला आहे. लग्नाला चार वर्षं, एक मुलगी, भाड्याची खोली. नवरा-बायकोने मिळून साडेचार लाख जमवले होते. फोनवर म्हणाला, "दादा, प्लॉट घेतोय. दोन गुंठे. त्र्यंबक रोडपासून आत आहे, पण रस्ता होणारे. सिंहस्थामुळे भाव चढतायत, रविवारी रेट वाढणार. एक्कावन्न हजार इसार देऊन टाकलेत."

देऊन टाकलेत. म्हणजे विचारायला फोन नव्हता, सांगायला होता.

मी म्हटलं, बरं, सातबारा पाठव. म्हणे, "त्याचा काय संबंध? प्लॉट नंबर सात आहे माझा." आणि त्याने व्हॉट्सअॅपवर एक रंगीत नकाशा पाठवला. हिरवी झाडं, मधून काळा रस्ता, कमान, कोपऱ्यात बाग, आणि 1 ते 72 असे चौकोन. सातव्या चौकोनावर पेनाने टिक.

आता इथेच थोडं थांबू, कारण सगळा घोटाळा या नकाशात आहे. कागदावर रेघा मारल्याने जमीन विभागली जात नाही. जमीन विभागली जाते ती सरकारी दप्तरात. तुमच्या गावाच्या नकाशावर प्रत्येक शेताला गट नंबर असतो. हे गट नंबर बऱ्याच ठिकाणी आले ते एकत्रीकरण योजनेतून, त्याआधी सर्व्हे नंबर होते. म्हणून म्हातारी माणसं अजून जुना नंबर सांगतात आणि तलाठी नवा सांगतो. तलाठी म्हटलं मी, खरं तर 2024 पासून त्यांचं पद 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण आपल्या तोंडी तलाठीच राहणार. तर गट नंबरचे पुढे तुकडे झाले की पोटहिस्से पडतात, 112/1, 112/2 असे. प्रत्येक हिश्श्याचा सातबारा वेगळा. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12 एकत्र: सातमध्ये जमीन कुणाची आणि तिच्यावर कुणाचे काय हक्क, बारामध्ये पीक कोणतं.

भावाच्या प्लॉट नंबर सातचा सातबारा होता का? नव्हता. बाहत्तर चौकोनांपैकी एकाचाही नव्हता. सगळी मिळून जमीन होती एक गट, क्षेत्र 0.81.00. हे कसं वाचायचं ते सांगतो, कारण यात भल्याभल्यांची गफलत होते. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट, म्हणजे आरपेक्षा किंचित मोठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हा 0.81.00 म्हणजे साधारण दोन एकर, ऐंशी गुंठे.

आता ऐंशी गुंठ्यांत बाहत्तर प्लॉट. प्रत्येक एक गुंठ्याचा, ज्याला दोन पाहिजेत त्याला दोन. उरले आठ गुंठे, त्यात रस्ते, बाग, कमान, सगळं. हा हिशोब नीट बघा. रीतसर लेआउट करायचा असेल तर राज्यात डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली बऱ्याच भागांना लागू आहे, तिला लोक यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात अर्ध्या-पाऊण एकराचे लहान तुकडे सोडले तर, 4,000 चौरस मीटर किंवा जास्त जागेच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर, म्हणजे एकरभर असली तरी नियम लागला. रस्ते नऊ मीटरपासून सुरू होतात, रस्ता लांबला की रुंदीही वाढते. दोन एकरांत आठ गुंठे नुसत्या मोकळ्या जागेत गेले. रस्त्यांना अठरा-वीस धरा, जागेच्या आकारावर आहे ते. विकायला उरतात पन्नास-बावन्न गुंठे. तो विकत होता बहात्तर. वरचे वीस गुंठे कुठून आले? तुमच्या मुलीच्या खेळण्याच्या जागेतून आणि अग्निशमनची गाडी वळायच्या जागेतून आले.

लेआउट मंजूर कोण करतं? शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, जिथे प्राधिकरण आहे तिथे ते, आणि बाहेर जिल्हाधिकारी, नगररचना विभागाच्या अभिप्रायाने. ग्रामपंचायत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण एजंटकडे हमखास ग्रामपंचायतीचा एखादा कागद असतो, ना हरकत दाखला नाहीतर नमुना 8 चा उतारा. नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे. कर कुणाकडून घ्यायचा ते त्यावरून कळतं, मालक कोण ते नाही.

आणि मंजुरीही दोन पायऱ्यांत असते. आधी तात्पुरती. मग जागेवर प्रत्यक्ष रस्ते, गटारं, विजेचे खांब, मोजणी. मग अंतिम. त्यानंतर भूमी अभिलेखवाले कमी-जास्त पत्रक करतात, ज्याला ऑफिसात सगळे 'कजाप' म्हणतात, आणि तेव्हा कुठे मूळ गटाचा सातबारा फुटून प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा जन्माला येतो. कजाप हा शब्द लक्षात ठेवा. एजंटला फोनवर सहज विचारा, "कजाप झालाय का?" पलीकडे किती सेकंद शांतता पसरते त्यावरून बरंच कळतं. (हसतो)

महारेराचंही तेच. प्लॉटिंगलाही रेरा लागतो, फक्त फ्लॅटला नाही. जागा 500 चौरस मीटरच्या वर असेल तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही, आणि इसार घेणं तर लांबच. भावाच्या रंगीत नकाशावर रेरा नंबर नव्हता. तिथे छापलं होतं, 'एनए प्रस्तावित'. प्रस्तावित! माझं लग्नही प्रस्तावित आहे, त्याने काय होतं?

बरं. तर रात्री अकराला मी त्याच्याकडून गट नंबर काढला आणि महाभूलेखवर सातबारा बघितला. नुसता बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. आणि मग मला झोप आली नाही.

मालकाच्या जागी एजंटचं नाव नव्हतंच. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव होतं. आडनाव वाचलं आणि कळलं, आपल्यातलेच आहेत. आणि खाली 'इतर हक्क'च्या रकान्यात ती ओळ: कलम 36 व 36 अ ला अधीन.

ही ओळ आमच्याकडे किती सातबाऱ्यांवर आहे म्हणून सांगू. हरसूल, पेठ, सुरगाणा, हा सगळा अनुसूचित क्षेत्राचा पट्टा. इथली बहुतेक जमीन कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा लोकांची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, आणि तिच्यात 36 अ घातलं गेलं 1974 ला. त्यामागची गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ आहे: पावसाळ्यात नागली संपायची, सावकाराकडून दोन पायली उचलायची, अंगठा द्यायचा, आणि दोन वर्षांनी कळायचं की खाचर आता आपलं नाही. म्हणून कायद्याने ठरवलं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा कशानेही द्यायची नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी. बाकी सगळ्याला जिल्हाधिकारी, आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता. अनुसूचित क्षेत्रात आता त्याच्याही आधी ग्रामसभेची मंजुरी लागते.

त्याच वर्षी दुसराही कायदा आला, आधी गेलेल्या जमिनी परत करण्याचा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातल्या व्यवहारांसाठी. घेणारे कोर्टात गेले, आमचा हक्क काढून घेतला म्हणून. सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये, लिंगप्पा पोचन्ना खटल्यात, कायदा योग्य ठरवला. ज्याच्याशी सौदा करताना एका बाजूला सगळी ताकद होती, तो सौदा राज्याला मोडता येतो, असा त्याचा अर्थ. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या भागातल्या कॉलेजात तो कुणी शिकवत नाही याचं वाईटही वाटतं.

एजंट काय सांगतात? एनए झालं की 36 अ सुटतं. कलम उघडून बघा, त्यात शेतजमीन असा शब्दच नाही. आदिवासीचा भोगवटा, एवढंच आहे. त्यामुळे एनएचा कागद दाखवला म्हणून ती ओळ पुसली गेली असं समजू नका.

दुसरं काय सांगतात? "आपण गड्याच्या नावावर घेऊ." म्हणजे पैसा शहरातल्या शेठचा आणि नाव आदिवासी मजुराचं. याला बेनामी व्यवहार म्हणतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. त्यात शेठबरोबर नाव देणाराही अडकतो. आपल्यातल्या कुणाला पाच हजार देऊन सही मागत असतील तर हे त्याच्या कानावर घाला, त्याला वाटतं आपण नुसती मदत करतोय.

आता तुम्ही म्हणाल, पण तुझा भाऊ तर आदिवासीच आहे ना? बरोब्बर. एजंटनेही त्याला हेच सांगितलं होतं, "तुला काही प्रॉब्लेम नाही, तू त्यांच्यातलाच." अर्धं खरं फार गोड लागतं. आदिवासीने आदिवासीला विकायची तरी कलम 36 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतली होती? नाही. शिवाय जमीन अजून शेतीची, म्हणजे घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळकायद्याचं कलम 63. भावाचं नाव गावच्या सातबाऱ्यावर लागलेलं नाही, तिथे अजून त्याच्या वारलेल्या आजोबांचं नाव आहे. आणि तिसरं, दोन गुंठे.

तुकडेबंदी ऐकलं असेल. 1947 चा कायदा आहे. शेत इतकं लहान होऊ नये की त्यात बैल वळणार नाही, हा विचार. प्रत्येक भागात किमान क्षेत्र ठरलेलं, त्याहून लहान तुकडा करून विकायचा नाही. आधी हे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं होतं, ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 आर आणि बागायत 10 आर झालं. विहीर, शेतरस्ता, घरकुल योजना अशा काही कारणांसाठी त्याहून लहान तुकडा परवानगीने घेता येतो. पण मंजूर लेआउट नसताना शेतातून दोन गुंठे कापून घरासाठी घ्यायचे, ते नाही.

मग बाजारात गुंठे विकले जातातच कसे? यात आपली हुशारी बघा. दहा जणांना गोळा करायचं. दोन-दोन गुंठ्यांचे दहा, मिळून वीस गुंठे. एकच खरेदीखत, दहा नावं, सामाईक. कागदावर तुकडा पडला नाही. नोंदणी होते, सातबाऱ्यावर दहाही नावं चढतात, लोक पेढे वाटतात. पण प्लॉट नंबर सात कुठे आहे? फक्त एजंटच्या नकाशात. सातबाऱ्यानुसार त्या वीस गुंठ्यांच्या प्रत्येक इंचात दहाही जण मालक. उद्या नववा म्हणाला रस्त्याकडेचा माझा, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? कर्ज काढायला बँकेत गेलात तर बँक बाकी नऊ जणांना आणायला सांगेल. त्यातला एक तोवर वारलेला असतो, त्याचे चार वारस, एक नालासोपाऱ्याला.

नोंदणी झाली म्हणजे पक्कं, हाही आपला एक भाबडेपणा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याचा हक्क खरा होता याची हमी तो देत नाही. आणि नोटरी तर त्याहून खाली. शंभर रुपये आणि वरच्या किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. कुलमुखत्यारपत्रावर विकलं, त्याबद्दल सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात साफ सांगितलंय की मुखत्यारपत्र आणि साठेखताने मालकी जात नाही. तरी पाचशेच्या स्टॅम्पवर घरं उभी राहतायत.

एजंटने भावाला आणखी एक दाखवलं, मोबाईलवरची बातमी. "तुकडे आता रेग्युलर होतात, पाच टक्के भरायचे." बातमी खोटी नव्हती. 2017 च्या दुरुस्तीने बाजारभावाच्या पंचवीस टक्के भरून जुने तुकडे नियमित करता यायचे, ऑक्टोबर 2024 मध्ये ते पाच टक्के झालं, आणि नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने रहिवासी वगैरे वापरासाठी ठरलेल्या भागांतले 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे तुकडे विनाशुल्क नियमित करायची वाट काढली. पण हे झालं जुन्या व्यवहारांचं, आणि ठरावीक भागांपुरतं. उद्या रविवारी होणाऱ्या सौद्याला ते लागू नाही. आणि 36 अ ला तर यातलं काहीच हात लावत नाही. माझं मत विचाराल तर दर काही वर्षांनी मागचं माफ करत राहिल्याने एजंटांना पुढचं विकायला जोर येतो. पण फसलेल्या लाखो कुटुंबांचं काय करायचं, याला माझ्याकडेही उत्तर नाही. तो माझा भाऊच असता तर मीही म्हटलं असतं, करून टाका नियमित.

मग आम्ही दोघं रविवारी जागेवर गेलो. एजंटला न सांगता. पाट्या होत्या, चुन्याच्या रेघा होत्या. बांधावर एक बाबा बसलेले, तेच मालक. आम्ही बोली लावली तसे खुलले. म्हणाले, त्या माणसाने मला दोन लाख दिलेत, वर्षभराने बाकी देतो म्हणालाय, रस्ता होणार म्हणून सही घेतली. कसली सही, कागद कुठाय? त्यांच्याकडे नव्हता. मुलांना सांगितलंय? नाही. बाहत्तर चौकोनांचा नकाशा मी त्यांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग माझं घर कितव्या नंबरात आहे?"

सात नंबरात होतं. म्हणजे सात आणि आठच्या मध्ये.

भाऊ काही बोलला नाही. परत येताना गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाला, "दादा, मी त्यांना उठवणार होतो."

हे सांगताना मला आमच्याच घराबद्दल सांगावं लागेल, म्हणूनच तर मी आज इथे पडवीत बसलोय. आमचा सातबारा आजोबांच्या नावावर, 2 हेक्टर 43 आर. सहा एकर. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. चार भाऊ, दोन बहिणी. कसतात सगळे आपापलं, कुणाचं खाचर कुठलं हे पोरासोरांनाही माहीत, पण दप्तरात काही नाही. आता गणित करा. सहा वाटे केले तर प्रत्येकी साधारण 40 आर, जिरायतच्या 20 आरच्या वर. वाटप होतं. पण ते थांबलं आणि आमच्या पिढीवर आलं तर? बाबांच्या 40 आरचे आम्ही तिघं. तेरा-तेरा आर. तो झाला तुकडा. तुकडेबंदी नुसती विक्रीला नाही, वाटपालाही आहे. म्हणजे आमची नावं वारस म्हणून लागतील, पण सामाईक. बांध घालून वेगळा सातबारा मिळणार नाही. आणि सामाईक सातबारा म्हणजे काय ते आत्ताच सांगितलं.

म्हणून मी घरात म्हटलं, आत्ता करू. पहिली पायरी वारस नोंद. त्यासाठी 2025 पासून सरकारची 'जिवंत सातबारा' मोहीम आहे, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. ई-हक्क पोर्टलवरून अर्ज टाकता येतो. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. या नोटिसा 'आपली चावडी'वर दिसतात. तुमच्या गावाची चावडी महिन्यातून एकदा बघायची सवय लावा, रील बघतो तितका वेळही लागत नाही. आपल्या गटावर कुणी परस्पर फेरफार टाकला तर त्या पंधरा दिवसांत कळलं पाहिजे.

दुसरी पायरी वाटप. संहितेचं कलम 85, तहसीलदारांकडे अर्ज, सगळ्यांची संमती. शेतजमिनीच्या वाटपाला मुद्रांक शंभर रुपये, आणि नोंदणी फी 2025 मध्ये माफ झाली. मग मोजणी, पोटहिस्से, वेगळे सातबारे. मोजणीचा अर्ज आता ऑनलाइन होतो, आणि झाल्यावर जी 'क' प्रत मिळते ती लॅमिनेट करू नका म्हणतात, पण जपून मात्र ठेवा. संमती नसेल, भांडण असेल तर दिवाणी कोर्ट, आणि मग नातवंडं बघतील.

आमच्याकडे अडलं ते आत्यांवर. मोठे काका म्हणाले, "पोरींना जमीन द्यायची आपल्यात रीत नाही. आणि तो कायदा आपल्याला लागूच नाही." काकांचं अर्धं बरोबर होतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2(2) प्रमाणे तो अनुसूचित जमातींना लागू नाही. पण जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं, स्त्रीला वाटा नाही अशी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागेल. सिद्ध होत नसेल तर समान वाटा. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कोर्ट दिल्लीत आहे. तेव्हा आजी, जी एरवी या विषयात पडत नाही, आतून म्हणाली, "लावणीला पोरी येतात ना तुझ्या खाचरात? मग?" त्या दिवशी एवढ्यावरच थांबलं.

एक वेगळी गोष्ट पटकन सांगतो, कारण दर वेळी मेसेजमध्ये कुणीतरी विचारतंच: वनपट्ट्याचं काय? वनहक्क कायदा 2006 चा. कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा, जास्तीत जास्त चार हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी जो मोर्चा गेला, रक्ताळलेल्या पायांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्याची मोठी मागणी हीच होती. हा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही, कुणालाच नाही, आदिवासीलाही नाही. त्यावर प्लॉट दाखवणारा दिसला तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याकडे.

आणि ज्यांना खरंच घरासाठी जागा हवीये, गावातच? गावठाण बघा आधी. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठी कलम 42 ड आहे, तिथे रूपांतरण कर भरून अकृषिक वापराची सोपी वाट आहे. आपल्याच जमिनीत आपलंच घर बांधायचं असेल तर ही वाट कामाची आहे. मीही आमच्या घरामागच्या तुकड्यासाठी तीच चौकशी करतोय. शहरात हवी असेल तर मंजूर लेआउटमधला, स्वतःचा सातबारा असलेला प्लॉट, भले गुंठ्याऐवजी अर्धाच गुंठा येवो. महाग पडतो, हो. त्या महागाईत तुमचा रस्ता आणि तुमची बाग आहे.

भावाचं काय झालं ते सांगून थांबतो. एक्कावन्न हजारांतले पंचवीस त्याने यूपीआयने दिले होते आणि सव्वीस रोख. सोमवारी आम्ही सातबाऱ्याची प्रिंट, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो रंगीत नकाशा घेऊन एजंटच्या ऑफिसात गेलो. तक्रार कुठे कुठे करता येते ते मी शांतपणे वाचून दाखवलं. पंचवीस हजार तिसऱ्या दिवशी परत आले. रोखीबद्दल तो म्हणतो, कसले सव्वीस? पावती आहे का? पावती नाही. वहिनीने त्यासाठी गळ्यातलं मोडलं होतं.

बाबांच्या मुलांशी मी फोनवर बोललोय. धाकटा पुण्याला असतो, तो येत्या शनिवारी येतोय, त्यांना घेऊन आधी तहसीलला आणि मग प्रकल्प कार्यालयात जायचं ठरलंय. आणि आमच्या घरातला वाटपाचा अर्ज लिहून तयार आहे. सहापैकी पाच सह्या झाल्यात. मोठे काका अजून अंगणात येरझाऱ्या घालतायत, मला खिडकीतून दिसतायत. पाऊसही थांबला. मी जरा बाहेर जाऊन येतो.